आठ आणि आठ सोळा

धोंड्याच्या महिन्यात जावयाने सासरी जावे, अनारसे खावेत, चांदीचा पेला नाहीतर अंगठी घेऊन मुकाट्याने घरी यावे, अशी साधी रीत आहे. हितेंद्रने कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड मागितले आणि तिथूनच सगळे बिघडले.

तसा हितेंद्र हावरट नव्हता. एरंडोलला त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाची फिल्म बनवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, निदान त्याचे स्वतःचे तरी असे मत होते. पण त्याचा कॉम्प्युटर पार थकला होता. तीन तासांची फिल्म तयार करायला लावली की एकोणीस तास घ्यायचा आणि अठराव्या तासाला बंद पडायचा. त्यात यंदा जळगावचे डाळमिलवाले रुपचंदशेठ यांच्या मुलीचे, भूमिकाचे, लग्न त्याला मिळाले होते. लग्न पार पडले होते आणि भूमिका नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती. तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेठच्या बंगल्यावर सगळ्या गोतावळ्यासमोर फिल्म दाखवायची होती. "काम आवडलं तर माझ्या दोन्ही पुतण्यांची लग्नं तुमचीच," असे शेठ बोलून गेले होते. जळगावात एकदा पाय रोवला की पुढचे पाच हंगाम बघायला नकोत, हे हितेंद्र ओळखून होता.

म्हणून त्याने पंधरा दिवस अभ्यास केला. कोणते कार्ड किती पळते याचे रकाने आखून वही भरली. चाळीसेक व्हिडिओ पाहिले. एक मोठे कार्ड घ्यावे की दोन लहान कार्डे एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवावीत, यावर बायकोला, म्हणजे नूतनला, तीन दिवस जेवताना व्याख्यान दिले.

"दोन लावली म्हणजे वेग दुप्पट होत नाही. आणि मेमरीची बेरीज होत नाही, हे लोकांना कळतच नाही."

"मला कळलं," नूतन म्हणाली. "भाजी वाढू?"

शेवटी निकाल लागला. एकच, मोठे, सोळा जीबी मेमरीचे. सासऱ्यांचा, जीवराम नानांचा, यंदा वाण म्हणून काय हवे हे विचारायला फोन आला, तेव्हा हितेंद्रने कार्डाचे नाव कागदावर लिहून फोटो पाठवला. सोळा या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

वाणाचा कार्यक्रम पारोळ्याजवळ नानांच्या गावी झाला. दोन्ही जावई पाटावर बसले. थोरला जावई भूषण हा नूतनच्या मोठ्या बहिणीचा, रूपालीचा, नवरा. धुळ्याला त्याचे बियाण्यांचे दुकान होते. त्याला माणसे आवडत. दुकानात आलेला शेतकरी एक पिशवी घेऊन आणि घरची सगळी हकीकत सांगून जाई. अशा माणसाशी ग्राफिक्स कार्डावर काय बोलायचे, म्हणून हितेंद्र त्याच्याशी जेमतेम हवापाण्याचे बोलायचा.

सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, तांब्याचे ताट पुढे ठेवले. ताटात तेहेतीस अनारसे, वर दिवा आणि बाजूला नव्या खणाखाली झाकलेला खोका. हितेंद्रची छाती दोन इंच फुगली. मग त्याने शेजारी पाहिले. भूषणच्या ताटातही तेवढाच खोका होता.

"नाना, हे दोन...?"

"जळगावथीन लयी उनू," नाना खुशीत म्हणाले. "दुकानवाला बोलना, सोळावालं एक ल्या नहीतर आठवाला दोन ल्या, भाव तोच. मी म्हंतं, माले जवाई दोन शेतस. एकले सोळा देसू आन दुसरा काय नुसता अनारसा खाई? आठ आन आठ सोळाच व्हतस ना?"

पेटलेल्या दिव्यासमोर सासऱ्याचे गणित दुरुस्त करायची सोय नसते. हितेंद्र हसला. भूषण खोका फिरवून फिरवून पाहत होता.

"हितेंद्रराव, हे काय आहे? पंखे दिसतात दोन."

"ग्राफिक्स कार्ड."

"पण माझ्या कॉम्प्युटरवर नुसती बिलं निघतात."

"आता जोरात निघतील," हितेंद्र म्हणाला.

पारोळ्याहून एरंडोलला मोटरसायकलवर येईपर्यंत हितेंद्रचा पक्ष बदलला. घराचे कुलूप उघडता उघडता तो म्हणाला, "तसं दोन लहान लावलेली काही वाईट नसतात."

"परवा तर म्हणत होता..."

"परवा दोन नव्हती."

भूषणने फोनवर एका वाक्यात कार्ड देऊन टाकले. पण फोन रूपालीने घेतला. तिने कार्ड खोक्यातून काढून देवघरात ठेवले होते आणि त्याला हळदकुंकू वाहिले होते. "वाण आहे ते. जावयाला दिलेलं वाण त्याला सोडून दुसऱ्याच्या घरी जात नाही."

"अक्का, मीपण त्याच घरचा जावई आहे."

"मग तुमचं वाण तुमच्याकडे आहेच की."

हितेंद्रने हात टेकले. तेव्हा नूतनने फोन घेतला. "वाण एकटं पाठवायचं नाही ना? मग दाजींनाही पाठव त्याच्याबरोबर."

याला रूपालीची ना नव्हती. बुधवारी सकाळी भूषण एसटीतून उतरला. मांडीवर आणलेले कार्ड त्याने नव्या टॉवेलात गुंडाळले होते. "रूपाली बसलीय दुकानात," तो म्हणाला. "वाण परत निघेपर्यंत मी इथंच."

दोन कार्डे कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात मावेनात. एका बाजूचे झाकण कायमचे काढावे लागले. हितेंद्रने वाकून बटण दाबले, पंखे फिरले आणि रूपालीने कार्डाला वाहिलेले सगळे कुंकू उडून त्याच्या कपाळावर बसले. "शुभ झालं," भूषण म्हणाला. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. वीज पुरवणारा डबा एकाच कार्डापुरता होता. गुरुवार जळगावला जाऊन मोठा डबा आणण्यात गेला. शुक्रवारी दोन्ही कार्डे चालू झाली, पण बाहेर ऊन चव्वेचाळीस अंशांवर होते आणि खोलीत दोन्ही कार्डांच्या गरमीची भर. घरातला एकमेव कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून लावण्यात आला. नूतन आणि भूषण वर्तमानपत्राने वारा घेत बसले. या तीन दिवसांत भूषण दुसरे काही करूच शकत नव्हता, म्हणून तो हितेंद्रच्या शेजारी बसून कोणते बटण कशाला हे विचारत राहिला. हितेंद्रने वैतागून सगळे सांगितले.

दुपारी कसोटी झाली. एका कार्डावर फिल्मचा ठरावीक तुकडा बावन्न मिनिटांत तयार झाला होता. दोन कार्डांवर चोपन्न मिनिटे लागली.

"वाढली?" भूषणने विचारले. "मग ते दुसरं काय करतंय?"

"काही नाही. फिरतंय नुसतं." हितेंद्रचे सॉफ्टवेअर फुकटातले होते आणि त्याला एकच कार्ड ओळखू येत होते. मेमरीही आठच दाखवत होते.

"बेरीज होत नाही, हे लोकांना कळतच नाही," नूतन पेपराचा वारा घेत म्हणाली.

हितेंद्रला रडू यायचे बाकी होते. तीन दिवस गेले होते. फिल्मचा अर्धा भागसुद्धा जुळवून झाला नव्हता आणि मध्ये फक्त शनिवार होता. नेमका तेव्हा नानांचा फोन आला. "चालनं का वाण?"

हितेंद्रने सगळे सांगितले. नानांनी उलट विचारले,

"एक विहीरवर दोन मोटारी बसाडी तं पानी दुप्पट येस का? मी दोन घरले दोन दिधात. तुम्ही ते एकच घरमा काबर कोंबात?"

फोन ठेवल्यावर भूषणच म्हणाला, "माझा कॉम्प्युटर आहे की धुळ्याला."

दुसरा मार्गच नव्हता. एक कार्ड काढले, विजेचा मोठा डबाही काढला. ते सगळे आणि लग्नाचा दुसरा भाग, म्हणजे पंगत, वरात आणि पाठवणी, भूषणच्या पिशवीत भरले. निघताना हितेंद्रने बजावले, "जास्त डोकं लावू नका. जिथं कॅमेरा हललाय, माणूस नीट दिसत नाही, ते तेवढं उडवा. बाकी आहे तसं राहू द्या." भूषणने मान हलवली आणि धुळ्याची गाडी पकडली.

रविवारी दोघे शेठच्या बंगल्याच्या दारातच भेटले. भूषणचा भाग पाहायला वेळच नव्हता. दिवाणखान्यात साठ-सत्तर माणसे बसली होती. पुढच्या कोचावर शेठच्या आई शेवंताबाई आणि त्यांना खेटून भूमिका.

पहिला भाग सुरू झाला. ड्रोनमधून मंडप दिसला. मग पुन्हा मंडप, दुसऱ्या बाजूने. गुलाबाची पाकळी सावकाश पडत राहिली. भूमिकाच्या कानातला झुमका चाळीस सेकंद हलला. हितेंद्रला ती पाकळी आजही तितकीच सुंदर वाटली, पण विसाव्या मिनिटाला कोणीतरी पाणी मागितले. तिसाव्या मिनिटाला पुरुषमंडळी अंगणात गेली. एक काका घोरू लागले. खुद्द नवरी फोनवर बोट फिरवत होती. पुतण्यांची लग्नेच काय, याच फिल्मला कोणी बरे म्हणेल की नाही याची हितेंद्रला शंका वाटू लागली.

मग भूषणचा भाग लागला. पडद्यावर पंगत होती आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आणि गाव झळकत होते. अर्धी माणसे त्याच्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतली निघाली होती. उरलेल्यांची नावे त्याने शनिवारी फोन करकरून मिळवली होती.

"अरे, हा तं आपला वना!"

"माझं नाव बघा, गावासकट आलंय!"

अंगणातली माणसे आत आली. घोरणारे काका स्वतःला पडद्यावर तिसरी पुरी घेताना पाहून जागे झाले. शेवंताबाई वाढप्याला थांबवून विचारत होत्या, "शेवभाजीमा शेव कोठे शे रे?" दिवाणखान्यात हशा पिकला, शेवंताबाईंचा आवाज सर्वांत मोठा.

आणि मग एक तुकडा आला तो पाहून हितेंद्र चरकला. तो हललेला होता, अंधुक होता. पाठवणीच्या धांदलीत कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता आणि चालता चालता तो चुकून टिपला गेला होता. मंडपामागे खुर्चीवर शेवंताबाई एकट्या बसल्या होत्या. मांडीवर भूमिकाच्या जुन्या चपला होत्या आणि पदराच्या टोकाने त्या त्यांच्यावरची धूळ पुसत होत्या. नावही नाही, गाणेही नाही. भूषणने ते पूर्ण एक मिनिट तसेच ठेवले होते.

भूमिकाने फोन बाजूला ठेवला आणि आजीच्या मांडीवर डोके टेकले. शेठनी चष्मा काढला. हे आपणच टिपले आणि आपणच उडवायला सांगितले, याची हितेंद्रला मनापासून लाज वाटली.

दिवे लागल्यावर शेठ सरळ त्याच्याकडे आले. "दुसरा भाग कोणी केला?"

क्षणभर हितेंद्रच्या मनात नको ते आले. भूषण दारात चहा पीत उभा होता आणि त्याने तक्रार केली नसती. पण हितेंद्रने त्याच्याकडे बोट केले. "यांनी. माझे साडू. धुळ्याला बियाण्यांचं दुकान आहे यांचं."

"मग पुतण्यांची लग्नं यांना."

भूषणने घाईघाईने कप खाली ठेवून हात जोडले. "शेठ, मला कॅमेरा धरता येत नाही. करायचं तर दोघं मिळून करू." मग तो हितेंद्रकडे पाहत जरा चाचरत म्हणाला, "फक्त पहिला भाग थोडा लहान ठेवू."

"लहान म्हणजे किती?" शेठनी विचारले.

हितेंद्रने विचारून पाहिले, "अर्धा तास?"

"दहा मिनिटं," शेठ म्हणाले.

"पाच पुरे व्हई गयात," नातीच्या केसांवरून हात न काढता शेवंताबाई म्हणाल्या, आणि हितेंद्रने निमूट मान डोलावली.