वर्दीतले दोन साक्षीदार

संघप्रिया सोमाजी उराडे, वय सव्वीस, ही भारतीय सैन्यात शिपाई आहे, असे तिच्या आईचे, तिच्या पलटणीचे आणि भारत सरकारचे म्हणणे होते. आमच्या तालुक्याच्या कार्यालयाचे तसे म्हणणे नव्हते. एका बाजूला तिघे आणि दुसऱ्या बाजूला एकच. पण शिक्का त्या एकाकडे होता.

मामला अगदी साधा होता. संघप्रियाची आई बायनाबाई माझी शेजारीण. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झालेली. मडक्यातून पेलाभर पाणी घ्यायला वाकली तरी तिला धाप लागे. लष्कराच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरले होते, तारीख बावीस मे. त्यासाठी आई मुलीवर अवलंबून आहे, असा दाखला तालुक्याहून हवा होता. सोमाजीला जाऊन चार वर्षे झाली आणि दुसरे मूल नाही. बायनाबाई मुलीवर नाही तर काय वाघावर अवलंबून राहणार होती? पण हे आम्हाला ठाऊक होते, कागदाला ठाऊक नव्हते. संघप्रियाला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली होती, त्यातले तीन आगगाडीने खाल्ले.

पहिली ते चौथी ती माझ्या हाताखाली शिकलेली. म्हणून मी सोबत गेले. टेबलामागे बसलेले अंकुशबाबूही माझेच विद्यार्थी निघाले. पाढे कच्चे होते, अक्षर मात्र वळणदार. त्यांनी उठून मला खुर्ची दिली, पाणी मागवले, पायांची चौकशी केली आणि मग अर्ज परत केला.

झाले होते असे. दोन वर्षांपूर्वी एक भामटा सैनिकाच्या कडक इस्त्रीच्या वर्दीत येऊन या कार्यालयातून तीन दाखले घेऊन गेला होता. पुढे चौकशी बसली. सैनिकांची ओळख काटेकोरपणे तपासली जात नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. त्यावर उपाय ठरला तो असा : यापुढे सैनिक अर्जदाराने समक्ष आणि वर्दीत हजर राहावे. तो भामटाही समक्ष आणि वर्दीतच हजर राहिला होता, ही बाब अहवालाच्या परिशिष्टात होती. परिशिष्टाची झेरॉक्स काढायची राहून गेली होती.

संघप्रियाने आपले ओळखपत्र पुढे ठेवले. अंकुशबाबूंनी ते उलटसुलट पाहिले, उजेडात धरले आणि अदबीने परत दिले.

"कार्ड त कोणी बी छापून आणते, मॅडम. वर्दी घालून या ना."

"सुट्टीवर बाहेर वर्दी घालत नाई आमी. परवानगी लागते."

"मंग सुट्टीवर तुमी सैनिक राहता का नाई?"

"राहतो ना."

"मंग दिसत काऊन नाई?"

संघप्रियाच्या अंगावर फिकट निळा सलवार-कुडता होता, पायात चपला. पलटणीत तिला बरेच काही शिकवले असेल. या प्रश्नाचे उत्तर शिकवलेले दिसले नाही.

एवढ्यात मागून कोणीतरी मोठ्याने "बाजूले सरका" म्हणाले आणि रांग निमूट दुभंगली. डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या मिलिटरी कपड्यात, गळ्यात शिटी अडकवलेला एक मनुष्य आत आला. दारातला शिपाई ताडकन उभा राहिला. हा पत्रू, विड्या वळायच्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुन्शी. त्याचे काम दोन मिनिटांत झाले.

हा ठिपक्यांचा कपडा आता आमच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाशेजारी मिळतो. रानडुकरांसाठी मचाणावर बसणारे तो घालतात, पर्यटकांना वाघ दाखवणारे घालतात, पेट्रोल भरणारे घालतात. शेळ्यांना लस टोचणाऱ्यानेही मागच्या वर्षी घेतला. शेळ्या तेव्हापासून जास्त पळतात, अशी तक्रार आहे. आमच्या गावात तो कपडा अंगावर नसलेला तरणा माणूस शोधायचा, तर सैन्यातून सुट्टीवर आलेला शोधावा लागतो.

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमच्या गावचा जवान लटारू घरी आला ते मला आठवते. मी तेव्हा नुकती शाळेवर रुजू झाले होते. खांद्यावर पत्र्याची पेटी, अंगात मातकट हिरवी वर्दी, डावा पाय ओढत तो शेताच्या बांधावरून चालत आला. अख्खे गाव त्याच्या मागे. पोरे त्याच्या कोटाच्या पितळी गुंड्यांना बोट लावून पाहत होती. पुढे मी दर पंधरा ऑगस्टला त्याला शाळेत झेंड्याजवळच्या खुर्चीवर बसवू लागले. एका वर्षी तो धोतर-बंडीत आला. म्हणाला, "बाई, ते वर्दी आता पोटावर बसत नाई." पाहुणे यायचे होते. मी त्याला म्हटले, वर्दी घालून या. तो दीड मैल पाय ओढत घरी गेला आणि परत आला. गुंड्यांच्या जागी सुतळी बांधली होती. कार्यक्रम छान झाला.

अंकुशबाबूंचे वाक्य त्या दिवशी मला कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले, ते यामुळे.

आम्ही पलटणीला फोन केला. तिथल्या साहेबांनी त्याच संध्याकाळी सहीशिक्क्याचे पत्र मोबाइलवर धाडले. अंकुशबाबूंनी ते दुसऱ्या दिवशी दोनदा वाचले. म्हणाले, पत्र उत्तम आहे, पण पत्राला वर्दी नाही. मग मीच एक शहाणपणा सुचवला. बसस्थानकासमोर बिरजूचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे शेतकऱ्यांसाठी तयार कोट-टाय टांगलेला असतो, तसाच स्नेहसंमेलनातल्या मुलांसाठी आणि लग्नाळू तरुणांसाठी सैन्याचा सदराही असतो. बिरजूने तो झटकून पुढे केला. दोन्ही खांद्यांवर तीन-तीन तारे आणि छातीवर एवढी पदके, की एवढी मिळवायला माणसाला चार लढाया आणि एक पूर लागला असता.

"बाई, हे घालणं गुन्हा आहे," संघप्रिया हळूच म्हणाली. "आन् मी शिपाई आहो. हे तारे माझे नाईत."

बिरजू आश्चर्याने पाहत राहिला. आजवर दोनशे जणांनी तो सदरा घातला होता. मापाला होत नाही म्हणणारे भेटले होते, आपला नाही म्हणणारी ही पहिलीच.

अठरा तारीख आली. बायनाबाई आता उशीला टेकून बसूनच झोपत होती. मी अंकुशबाबूंकडे एकटी गेले आणि म्हटले, तुझे पाढे कच्चे असताना मी तुला पास केले होते. ते ओशाळले. दुष्ट नव्हतेच ते मुळी. त्यांनी परिपत्रकाची सगळी पाने उलटली आणि चौथ्या पानावर तळाशी वाट काढली : अपवादात्मक प्रकरणी अर्जदार वर्दीत हजर राहू शकत नसल्यास वर्दीतील दोन साक्षीदारांनी समक्ष ओळख द्यावी.

"वर्दी कोनाची, ते लिहिलं नाई," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद दिसला.

पत्रू बाहेर चहाच्या टपरीवर होताच. दुसरा साक्षीदार शोधायलाही लांब जावे लागले नाही. लग्नसराईचे दिवस, समोरच्या सभागृहापुढे पोचूचे बँडपथक वरातीची वाट पाहत उभे होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, टोपीला तुरा, काखेत पिपाणी. पोचू बिचारा घाबरत आत आला. संघप्रियाने पुन्हा एकदा प्रयत्न केला.

"साहेब, पोचूभाऊ बँडवाले आहेत. हे पत्रूभाऊ तेंदूपत्त्याचे मुन्शी आहेत. हे कोनी सैनिक नाईत. तसं लिहा बरं."

"लिहितो ना," अंकुशबाबू म्हणाले आणि त्यांनी वळणदार अक्षरात तसेच लिहिले. साक्षीदार क्रमांक एक, तेंदूपत्ता संकलन. साक्षीदार क्रमांक दोन, बँडपथक. दोघेही वर्दीत. मग त्यांनी पोचूला विचारले, ही बाई सैन्यात आहे हे तुम्हाला कसे ठाऊक? पोचू म्हणाला, ती भरती होऊन गेली तेव्हा मीच वाजवले होते.

दाखला मिळाला. त्यात लिहिले होते : अर्जदार सैनिक असल्याची वर्दीतील व्यक्तींमार्फत खात्री पटली असून तिची माता तिच्यावर अवलंबून आहे. संघप्रियाने तो उभ्याउभ्याच तीनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. तिने तो घडी करून आपल्या ओळखपत्राखाली ठेवला.

वीस तारखेला सकाळी दोघी चंद्रपूरच्या बसमध्ये चढल्या. तिथून पुढे नागपूरची गाडी. मी पोहोचवायला गेले होते आणि खाली खिडकीशी उभी होते. बस गच्च भरलेली. संघप्रियाने दोन-तिघांना विनवले, आईला बसू द्या, तिला धाप लागते. एकाने झोप घेतली. एकाला पुढच्याच थांब्यावर उतरायचे होते, तो बसूनच उतरणार होता. बायनाबाई दांड्याला धरून उभी राहिली. दहा मिनिटे. मी घड्याळ पाहत होते.

मग पुढच्या गावच्या लग्नाला निघालेला पोचू लाल कोट घालून चढला. झोपलेला मनुष्य जागा झाला. तिघे जण एकदमच उठले. "बसा साहेब, इथी बसा." पोचूने इकडेतिकडे पाहिले, आपल्यालाच म्हणताहेत याची खात्री केली आणि मिळालेल्या जागी बायनाबाईला बसवले. सगळी बस भारावली, कौतुक करू लागली. एक म्हातारबा संघप्रियाकडे वळून म्हणाले, "पाह्यलं का पोरी? शिस्त असते त्या लोकाईत. शिक काई त्याइच्यापासून."

"हो बाबा," संघप्रिया म्हणाली. तिच्या एका खांद्यावर पिशवी होती, दुसरा हात आईच्या पाठीवर.

बस निघाली. बावीस तारखेचे ऑपरेशन नीट पार पडले, बायनाबाई आता स्वतःच्या हाताने पाणी घेते. पण मला अजून एक गोष्ट खुपते. त्या बसमध्ये डाव्या बाजूला, खिडकीजवळ, कोणीतरी चष्मा लावून वाचत बसले होते. बायनाबाई शेजारी उभी होती तेव्हा त्यांनी पान उलटले. पोचू चढला तेव्हा मान वर केली. माणूस चांगल्या घरचा दिसत होता, अशा गोष्टी आवडीने वाचणारा. उन्हामुळे मला चेहरा नीट दिसला नाही. तुम्ही नव्हता ना?