गोवर्धन काळमेघांची ज्येष्ठता यादी

ज्ञान ऐकल्याने वाढते, ही समजूत आता मागे पडली आहे. ज्ञान साठवल्याने वाढते. ऐकल्याने ते फक्त संपते. हे सत्य वेळेवर उमगलेल्या मोजक्या थोर पुरुषांत अमरावतीच्या साईनगरातल्या गोवर्धन काळमेघ यांची गणना करावी लागेल. (गणना त्यांनी स्वतःच केलेली आहे.)

गोवर्धनराव अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखा सांभाळतात. कोण आधी नोकरीला लागला आणि म्हणून कोणाला आधी बढती, हे ठरवणारी ज्येष्ठता यादी करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, संध्याकाळी परत. वाटेत पॉडकास्ट ऐकायला म्हणून त्यांनी काडेपेटीएवढा एक प्लेअर घेतला. मोबाइलवर का नाही? कारण मोबाइलवर माणसांचे फोन येतात.

पहिल्या आठवड्यात त्यांनी चक्क पॉडकास्ट ऐकले. मग नवे भाग येऊन पडू लागले आणि प्रश्न उभा राहिला, आधी कोण? दुसरा कोणी असता तर आवडेल ते ऐकून मोकळा झाला असता. पण आवड म्हणजे वशिलाच की. गोवर्धनरावांनी सरळ ज्येष्ठता लावली. जो भाग आधी उतरला, तो आधी वाजणार. प्लेलिस्टा पाडल्या: शेती, इतिहास, आरोग्य, राजकारण आणि किरकोळ. ऐकून झालेला भाग सेवानिवृत्त, अर्धवट ऐकलेला निलंबित, आणि कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये सिंक होता होता लाइन, म्हणजे वीज, गेल्यामुळे लटकलेला, त्याची चौकशी सुरू.

पद्धत इतकी निकोप निघाली की पावसाळ्याचा अंदाज त्यांनी स्वेटर घालून ऐकला. निवडणुकीचे भाकीत निकालानंतर वर्षभराने त्यांच्या कानी आले, आणि ते त्यांनी डब्यात अशा ठामपणे सांगितले की शेजारचा प्रवासी पैज लावायला उठला. (भाकीत चुकलेलेच होते.)

रविवार सिंकचा. अंघोळ करून, केबल धोतराच्या फडक्याने पुसून ते कॉम्प्युटरसमोर बसत. त्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही. मिक्सरने भाग बिघडतात असे नाही, पण लाइन जाते, आणि गेली की सगळे पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक नव्या भागाचे पहिले अर्धे मिनिट ऐकून आवाज तपासायचा. नुसत्या तपासणीत गोवर्धनरावांचे शंभर टक्के रविवार कामी आले. जेवण उरलेल्या वेळात.

अशाच एका रविवारी त्यांच्या पत्नी पौर्णिमाताईंना काही सांगायचे होते. ताई शिक्षिका. त्यांच्या संस्थेने चिखलदऱ्याला निवासी शाळा काढली होती आणि मुख्याध्यापिका म्हणून ताईंनाच बोलावले होते. शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. ताईंनी पोळी वाढताना विषय काढला, चहा देताना काढला, समोर उभे राहूनही काढला. पण कानात तपासणी चालू.

शेवटी ताईंनी शिक्षकी डोके चालवले. गपचूप रेकॉर्डिंग केले आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या भागांत टाकून दिले. त्यांना आवडते तसे व्हावे म्हणून सुरुवातीला पेटीची धून, मग "नमस्कार! मी पौर्णिमा काळमेघ, अन् तुमी ऐकून राहिले घरच्या गोष्टी," असे रीतसर स्वागत. त्यात अर्धे मिनिट सहज गेले. त्यापुढे मात्र मुद्दा होता:

"अहो, मले चिखलदऱ्याले बोलावून राहिले. जाऊ का नोको, शुक्रवारच्या आत सांगा. तुमी नोको जाऊ म्हटलं, तर मी जात नाई. पण काही तरी म्हणा!"

गोवर्धनरावांनी अर्धे मिनिट ऐकले आणि त्यांचा ऊर भरून आला. काळमेघांच्या घराण्यात पहिला पॉडकास्ट! आवाज स्वच्छ, पेटी सुरात. त्यांनी 'कुटुंब' नावाची नवी प्लेलिस्ट काढली आणि भागाला एकूण ज्येष्ठता यादीत जागा दिली. अर्थात शेवटची.

सोमवारी डब्यात त्यांनी सहकारी सहदेवला ही बातमी पेढ्यासह दिली. सहदेव म्हणाला, "अबे, मंग पहिले वहिनीचं आयक ना!"

"बायकोचा भाग मधात घुसवला, तर बाकीच्यांनी काय करावं? उद्या कोर्टात टिकल का हे?" गोवर्धनराव म्हणाले. सहदेवने दुसरा पेढा घेतला.

घरी ताई वाट पाहत होत्या. "आयकलं का? मंग काय म्हणता?"

"एक नंबर आवाज हाय तुझा! यादीत लावला. पाळी आली का आयकतो."

"कवा येईन पाळी?"

प्रामाणिक माणूस. हिशेब करून म्हणाले, "मधात कोणी निलंबित झालं नाई, तर पुढच्या दिवाळीनंतर."

ताईंनी शुक्रवारी होकार कळवला आणि सोमवारी बॅग घेऊन त्या चिखलदऱ्याला जायला परतवाड्याच्या बसमध्ये बसल्या. गोवर्धनराव पोचवायला गेले होते. त्यांना वाटले, प्रशिक्षण असेल.

पुढचा रविवार उजाडला. मिक्सर लावणारे कोणी नसल्याने सिंक एका झटक्यात झाले. एवढे निर्वेध सिंक आयुष्यात झाले नव्हते, आणि गोवर्धनरावांना ते अजिबात सहन होईना. घर खायला उठले. पौर्णिमाताईंची इतकी आठवण आली की त्या शिस्तीच्या माणसाने डोळे मिटून, मनोमन सर्व ज्येष्ठ भागांची माफी मागून, शेवटचा भाग आधी लावला. पेटी वाजली, स्वागत झाले, अर्धे मिनिट सरले.

मुद्दा ऐकल्याबरोबर त्यांनी फोन लावला. "नोको जाऊ!" ते जवळजवळ ओरडलेच.

पलीकडे वसतिगृहातल्या पोरींचा गलका. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं म्हणणं लिवून घेतलं. तुमच्या आधी साठ पोरी हायेत. पाळी आली का आयकतो."

आता वाचकहो, तुम्ही हसलात. हसा. पण तुमच्या मोबाइलमध्ये घरच्या माणसाचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पडला आहे. लांबलचक आहे, निवांत ऐकू, म्हणून तुम्ही तो ठेवून दिलात, आणि निवांतपणा मिळताच हे वाचायला बसलात.