पावणेदोन तास टिकणारा बांध

मातीचा बांध कधी फुटणार हे बांधाच्या आधी मला कळतं, असं मी त्या रविवारपर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. तशी प्रणालीच मी संगणकावर तयार केली होती. माती कोणती, किती चोपलेली, पाणी किती उंच, एवढं भरायचं. पाणी बांधाला कुठे आणि कसं खात जाईल ते पडद्यावर हजर! दोन वर्षं मी तिच्यामागे घालवली होती. ऑफिसातल्या साहेबांची सही झाली की ती नदीकाठच्या खऱ्या बांधासाठी वापरली जाणार होती. नाही झाली, तर मी पुन्हा जुने नकाशे स्कॅन करायला मोकळा. साहेब म्हणाले, "पडद्यावर नको, मातीत दाखवा."

म्हणून मी गच्चीवर पत्र्याचा लांबलचक हौद मांडला आणि मधोमध गुडघाभर उंचीचा बांध घातला. एका बाजूला पाणी राहणार, दुसऱ्या बाजूला मुलीच्या ठोकळ्यांचं गाव. त्या गावापलीकडचं हौदाचं तोंड उघडं होतं. तिथे वाहून येणारं पाणी झेलायला टब ठेवायचा होता. बायकोने परवानगी दिली, पण गच्चीच्या पाइपात चिखल गेला तर घरात पाऊल ठेवायचं नाही, अशी अट घातली. मी अत्यंत जबाबदारीने पाइपाच्या तोंडात जुन्या चादरीचा बोळा कोंबला.

संगणकाने सांगितलं, बांध पावणेदोन तास टिकेल. मी सगळा कार्यक्रम त्यावर बेतला. आधी माझं भाषण, मग चहा, मग टब आणायचा, मग फूट.

आमच्या सासऱ्यांची उभी हयात कालव्याच्या बांधावर राखणदारी करण्यात गेलेली. साहेब यायच्या आधी ते बांधापुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. पाण्याची उंची मोजणाऱ्या यंत्राची वायर मी बांधाच्या पोटातून आरपार नेली होती. वरून लोंबकळली असती तर साहेबांना गबाळं वाटलं असतं ना!

"जावईबापू, ही वायर काढा," सासरे म्हणाले. "पाणी तिच्या कडेने वाट काढेल. पाच मिनिटंसुद्धा धरणार नाही."

संगणक किती गणितं सोडवतो ते मी त्यांना प्रेमाने समजावलं. ते "बरं" म्हणाले, चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसले.

साहेब जिन्याच्या तळाशी बूट काढून वर आले. मी पाणी सोडलं आणि भाषणाला सुरुवात केली. वायरीपाशी ओल दिसतेय, असं साहेब मध्येच म्हणाले. तो उन्हाचा खेळ आहे, असं मी त्यांना सांगितलं. चौथ्या मिनिटाला त्या उन्हाच्या खेळातून मनगटाएवढी धार आली आणि बांध मधोमध बसला. गाव गेलं. टब बाथरूममध्येच होता. पाणी पाइपाकडे गेलं, तिथे माझा बोळा भेटला, म्हणून वळून जिन्याने खाली उतरलं. चिखलात लडबडलेले साहेबांचे बूट बायकोला स्वयंपाकघराच्या दारात सापडले.

साहेब माझ्या चपला घालून घरी गेले. सहीचं नंतर बघू म्हणाले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रणालीत ती वायर घातली आणि संगणक कामाला लावला. संध्याकाळी उत्तर आलं: चार मिनिटं, दहा सेकंद. माझा आनंद गगनात मावेना. प्रणाली बरोबर होती, गाढव फक्त मी होतो! कागद नाचवत मी सासऱ्यांकडे धावलो.

त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. "बरोबर आहे. किती वेळ लागला त्याला?"

"अकरा तास."

"मग हरकत नाही. तोवर आम्ही गाव हलवलेलं असेल."

तो कागद आणि सासऱ्यांनी आधीच दिलेला इशारा, दोन्ही मी साहेबांपुढे ठेवलं आणि सही झाली. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: संगणक सुरू करण्यापूर्वी बांध सासऱ्यांना दाखवून घ्यावा. माझ्या चपला मात्र अजून परत आलेल्या नाहीत, आणि मागायला तोंड नाही.