दिवस मोठा असतो

"अहो, ‘दिन’ला पहिली वेलांटी," बायको दारातूनच म्हणाली आणि अंगणात शाळेचा फलक रंगवणाऱ्या पेंटरचा ब्रश हवेतच थांबला.

पेंटर नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता. शिडी वाकडी लागलीय असं एकदा शेजाऱ्याने सांगितलं, तर हा पठ्ठ्या पडेपर्यंत तिच्यावरच उभा राहिला होता.

"दिवस केवढा मोठा असतो! त्याला ऱ्हस्व कोण लिहील? बावीस वर्षं ब्रश धरतोय मी."

"ब्रशच धरलात. एखादं पुस्तकही धरायचं होतंत. आणि हो, त्या खालच्या ओळीत..."

"भाजीत मीठ नसतं तेव्हा मी बोलतो का कधी?"

"रोज बोलता!" म्हणून ती तणतणत आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर आठ फुटी फलक झळकला. ‘पालक दीन. सर्वांचे हार्दीक स्वागत.’ मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फलक तसाच होता.

"पेंटर, दीन म्हणजे काय माहितीये? बिचारा. लाचार!"

फाटकाशी जमलेल्या पालकांत हशा पिकला. "राहू द्या बाई," एक वडील म्हणाले, "मुलाचा गृहपाठ रोज मीच करतो. आज प्रथमच कुणीतरी दखल घेतली."

पेंटरची छाती लगेच फुगली. "मुद्दामच लिहिलं होतं मी," तो म्हणाला.

"असं? मग दुसरी चूकही मुद्दामच असेल. ती तुम्हीच शोधा. अर्ध्या तासात फलक शुद्ध नसेल, तर चौदा वर्गांच्या पाट्या दुसऱ्या पेंटरला."

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर तो त्या चौदा पाट्यांची वाट बघत होता. त्याने फलक दहा वेळा वाचला. प्रत्येक अक्षर त्याला चुकीचं वाटायला लागलं, कोपऱ्यात टाकलेलं स्वतःचं नावसुद्धा. शेवटी तो धावत घरी गेला.

"चुकलो," तो दारातच धापा टाकत म्हणाला.

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "‘हार्दिक’लाही पहिलीच," ती म्हणाली.

"मग काल का नाही सांगितलंस?"

"सांगतच होते. तुम्ही मिठावर गेलात."

फलक वेळेत सुधारला. चौदा पाट्या तर त्याने आधी खडूने लिहून बायकोला दाखवल्या आणि मगच रंगवल्या. तिने नऊ ठिकाणी बोट ठेवलं. त्याने नऊ वेळा दात-ओठ खाल्ले आणि नऊही वेळा पुसलं.

बाई भलत्याच खूश झाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने प्रशस्तिपत्र लिहून दिलं. ‘पेंटरांचे काम अतीशय सुबक आहे.’

पेंटरने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, राग मानू नका, पण ‘अतिशय’ला पहिली वेलांटी ना?"

"काहीतरीच काय! अतिशय म्हणजे किती मोठं! त्याला ऱ्हस्व कोण लिहील?" बाई कडाडल्या. "पंचवीस वर्षं भाषा शिकवतेय मी!"

पेंटरने कागदाची नीट घडी घातली आणि हळूच विचारलं, "बाई, बायकोला पाठवू का?"