डोमाजींचा गोळा

आमच्या गल्लीत कुत्रा फिरवायला न्यायचा, तर आधी डोमाजी निखाड्यांकडून गोळा घ्यावा लागे. गोळा नसेल तर कुत्रा घराबाहेर काढायचा नाही. मग तो दारात गोल गोल फिरो, केविलवाणा सूर काढो, की तुळशीच्या कुंडीकडे सूचक नजरेनं बघो. डोमाजी आपल्या व्हरांड्यात उभे राहत, चिटपाखरू नसलेल्या गल्लीकडे दोन्ही बाजूंनी निरखून बघत आणि गंभीरपणे मान हलवत.

"लाइन क्लिअर नाही, बाबूजी. बसा नं जी. चहा घ्या."

ही गोष्ट भिलाईची, पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांतली. सेक्टरातली घरं नवीकोरी होती, झाडं गुडघ्याएवढी होती आणि लाल मुरमाची धूळ इतकी, की सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत भगवा व्हायचा. मी नागपूरहून ड्रॉइंग ऑफिसात क्लार्क म्हणून आलो होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये डोमाजी. गाव नागभीडकडचं, शेती भावाच्या हाती. स्वतः नॅरोगेजच्या छोट्या लाइनवर एका आडगावच्या स्टेशनात सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, तिथून कारखान्याच्या यार्डात डबे हलवायच्या शंटिंगच्या कामाला आले. बायको आधीच वारलेली, मुलगी लग्न होऊन ब्रह्मपुरीला गेलेली. घरात ते आणि भुऱ्या.

भुऱ्या हा कोहक्याच्या तळ्याकाठी सापडलेला गावठी कुत्रा. अंगानं लांबलचक, कानानं अर्धवट. माणसांवर त्याचा फार जीव. एकदा डोमाजींच्या घरी चोर शिरला, तर भुऱ्यानं त्याचे पाय चाटून चाटून त्याला इतकं लाजवलं, की तो बिचारा तांब्या तिथंच ठेवून गेला. गाई, बकऱ्या, मांजरं, कोणाशीच त्याचं वैर नव्हतं. समोरच्या करतारसिंगांची कोंबडी त्याच्या पाठीवर बसून पिसं साफ करायची. पण दुसरा कुत्रा दिसला, की हे ध्यान अंगात आल्यासारखं करायचं. केस उभे, डोळे लाल, आणि मग साखळी, डोमाजी आणि डोमाजींची एक चप्पल असं सगळं त्याच्या मागोमाग गल्लीभर जायचं.

"याचा ब्रेक खराब हाये," डोमाजी धापा टाकत सांगत. "बाकी इंजन एकदम बेस."

गल्लीत आणखी दोन कुत्रे होते. एक करतारसिंगांचा. हे रोलिंग मिलचे फोरमन, समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. त्या काळी जो तो आभाळात सोडलेल्या यानांविषयी बोलत होता, म्हणून त्यांनी कुत्र्याचं नाव ठेवलं होतं रॉकेट. रॉकेट इतका लठ्ठ होता, की उठून बसायलाही त्याला विचार करावा लागे. दुसरा आमचा चिवडा. आमचा म्हणजे सुमतीचा, माझ्या बायकोचा. अंगावर पिवळे, तपकिरी, पांढरे ठिपके म्हणून चिवडा. मी मुळात कुत्र्यांचा माणूस नाही, पण आमच्या घरात मला विचारून काही येत नाही.

भुऱ्यानं रॉकेटचा कान फाडला, तेव्हा करतारसिंगांनी मोठ्या मनानं सोडून दिलं. चिवड्याची शेपूट चावली, तेव्हा सुमतीनं डोमाजींशी आठवडाभर अबोला धरला. प्रकरण खरं पेटलं ते टोपीवरून. पलीकडच्या रस्त्यावर रशियन तज्ज्ञ राहत. ही माणसं आमच्या जानेवारीतसुद्धा अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडायची. त्यातले एक थोराड साहेब एका सकाळी कुणाला तरी भेट द्यायची म्हणून आपल्या देशातली केसाळ टोपी हातात झुलवत निघाले होते. भुऱ्यानं ती लांबून पाहिली आणि त्याची खात्रीच पटली. पुढच्या क्षणी साहेब रस्त्यावर बसलेले होते आणि भुऱ्या टोपीची मान धरून तिला गदागदा हलवत होता.

"अबे, टोपी हाये ते! टोपी!" डोमाजी ओरडत होते. भुऱ्याला ते पटेना.

डोमाजींनी ती टोपी घरी नेली, रिठ्यानं धुतली, स्वतःच्या कंगव्यानं विंचरली आणि दोन्ही हातांनी साहेबांना परत केली. साहेब पोट धरून हसले, "खराशो, खराशो," म्हणजे छान, छान, म्हणाले आणि भुऱ्याला बिस्किट देऊन गेले. पण वार्ता टाउनशिपच्या इन्स्पेक्टरपर्यंत गेलीच. तो सायकलवरून आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला, की आणखी एक तक्रार आली तर कुत्री पकडणारी गाडी येईल आणि कुत्रा शिवनाथ नदीच्या पलीकडे सोडून देण्यात येईल.

त्या संध्याकाळी डोमाजी आमच्याकडे आले. एरवी बडबडणारा माणूस, खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. सुमतीनं अबोला मोडून पाणी दिलं.

"वहिनीबाई," ते म्हणाले, "ड्युटीवरून आलो का मी यालेच सांगतो, आज अमकं झालं, ढमकं झालं. हा गेला तं मी बोलू कोनाशी?"

सुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं, पण मी धुळीवर ढकललं.

दोन दिवसांनी डोमाजींनी गल्लीतल्या कुत्रेवाल्यांची सभा बोलावली. त्यांच्या हातात वेताचं एक भलंमोठं कडं होतं आणि कड्याला चामड्याची पिशवी शिवलेली. आम्हाला वाटलं माणूस मासे धरायला निघाला.

"छोट्या लाइनवर पटरी एकच राहते," डोमाजी समजावू लागले. "इकडून गाडी, तिकडून गाडी, मंग टक्कर कावून नाही होत? तं स्टेशनमास्तर डायवरले गोळा देते. गोळा एकच. ज्याच्यापाशी गोळा, त्याचीच गाडी सेक्शनमधी जाईन. दुसऱ्यानं फाटकाबाहेर चाक नाही काढाचं. आपली गल्ली म्हंजे सिंगल लाइन. कुत्रे तीन, गोळा एक."

"पण पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

डोमाजींनी पिशवी उघडून दाखवली. आत एक वाळलेलं बेलफळ होतं.

"खरा गोळा लोखंडाचा राहते. तो सरकारी. हा आपला घरचा."

करतारसिंग इतके हसले, की पगडी सावरावी लागली. पण गोष्ट सगळ्यांना पटली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत रेल्वे सुरू झाली. गोळा डोमाजींच्या व्हरांड्यातल्या खुंटीवर टांगलेला असे. ज्याला कुत्रा काढायचा त्यानं तिथं जायचं, गोळा खांद्यावर अडकवायचा, कुत्रा फिरवायचा आणि गोळा परत आणून द्यायचा. डोमाजी ड्युटीवर असले, की खुंटी आमच्या सुमतीच्या ताब्यात. भुऱ्याला 'मेल' म्हणत, म्हणून त्याला मान पहिला. रॉकेट ही मालगाडी. आमचा चिवडा पॅसेंजर, म्हणजे सगळ्यांनी त्याला थांबवायचं.

डोमाजींनी व्हरांड्यात एक बाकडंही आणून टाकलं. ते म्हणत, स्टेशन म्हटलं की प्रवाशांची सोय पाहिजे. माठ भरलेला, स्टोव्हवर आलं घातलेला चहा, आणि चहात साखर अशी, की चमचा उभा राहावा. मला सकाळी ऑफिसची घाई. मी धावत जायचो, गोळा डोळ्यांसमोर खुंटीवर लटकत असायचा, गल्ली मोकळी पडलेली, आणि हे म्हणणार, "लाइन क्लिअर नाही. बसा नं जी."

"अहो, गोळा तर इथंच आहे!"

"हाये नं. पन पुढच्या स्टेशनाले इचारा लागते. घाई करून राहिले तुम्ही. घाईनंच अपघात होते."

पुढचं स्टेशन कोणतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग मी चरफडत बसायचो. चहा प्यायचो. यार्डातल्या कोणत्या इंजिनाला कसा खोकला झाला आहे ते ऐकायचो. तेवढ्यात करतारसिंग यायचे, "ओ मास्टरजी, मेरा रॉकेट कब से खड़ा है!" म्हणायचे, आणि तेही बसायचे. माझी बस निम्म्या वेळा चुकायची.

याच घाईत एकदा मी गोळा परत करायला विसरलो. चिवड्याला घरात ढकललं आणि तसाच बसमध्ये चढलो. ऑफिसात पोहोचल्यावर शेजारच्या बाबूनं विचारलं, की खांद्यावर हे काय आहे. तिकडे गल्लीत सगळी वाहतूक ठप्प. डोमाजींची त्या दिवशी सुट्टी होती, आणि ते गोळ्याशिवाय एकाही कुत्र्याला बाहेर पडू देईनात. करतारसिंगांनी बोट दाखवून सांगितलं, की अहो, चिवडा बघा, बाबूजींच्याच व्हरांड्यात पाय वर करून घोरतो आहे.

"दिसते मले," डोमाजी म्हणाले. "पन गोळा वापस आला काय? नाही नं? मंग गाडी सेक्शनमधीच हाये."

मालगाडीनं शेवटी करतारसिंगांच्या नव्या सतरंजीवरच माल उतरवला.

डोमाजी सायकल काढून माझ्या ऑफिसपर्यंत आले. मला निरोप आला, म्हणून गोळा घेऊन फाटकाशी गेलो. डोमाजी लांबूनच ओरडले, "हात वर करा, बाबूजी! कडं मोकळं धरा! मी थांबनार नाही!" धावत्या इंजिनाचा ड्रायव्हर गोळा घेतो तसा त्यांना तो घ्यायचा होता. मी बावळटासारखा हात उंचावून, वेताचं कडं धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. डोमाजी सुसाट आले, डावा हात कड्यात घातला, कडं खांद्यापर्यंत सरकलं आणि ते घंटी वाजवत तसेच निघून गेले. वर पाहिलं तर खिडकीत आमचे साहेब. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

असं बरीच वर्षं चाललं. बेलफळं झिजली, रॉकेटनं एक चावून खाल्लं, मग रिसालीहून नवं आलं. गल्लीतली झाडं छपरापर्यंत पोहोचली. इन्स्पेक्टर पुन्हा कधी आला नाही. सुमतीला डोमाजींचा इतका लळा लागला, की घरात पुरण शिजलं की पहिली पोळी स्टेशनात जायची.

आणि एका रविवारी सकाळी व्हायचं ते झालं. भुऱ्या सेक्शनमध्ये होता, डोमाजींच्या खांद्यावर गोळा होता, सगळं नियमात. कोळसेवाला आमच्याकडे पोतं टाकायला आला आणि फाटक उघडं राहिलं. चिवडा बाणासारखा सुटला.

"सिग्नल तोडला!" डोमाजी किंचाळले. सुमतीनं डोळे मिटून घेतले. करतारसिंग बादली घेऊन धावले. चिवडा थेट भुऱ्याच्या नाकाशी जाऊन उभा राहिला आणि तिथं गेल्यावर आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं. तो थिजला.

भुऱ्यानं मान वर केली. इकडे तिकडे हलवली. मग तो सावकाश चिवड्याच्या अंगावर रेलला, जसा डोमाजींच्या पायावर रेलायचा, आणि शेपूट हलवू लागला.

करतारसिंग वाकले. भुऱ्याच्या डोळ्यांत दुधासारखा पांढुरका पडदा होता. त्यांनी त्याच्या तोंडासमोर हात फिरवला. पापणी हलली नाही.

"डोमाजी, इसको तो दिखता ही नहीं!"

"हौ," डोमाजी म्हणाले. "नाकही गेलं. दातही गेले."

"तो फिर गोला किसलिए? गोला खतम! आज से डबल लाइन!" करतारसिंगांनी बादली आपटून जाहीर केलं. मीही टाळ्या वाजवल्या. आता बस चुकणार नव्हती. डोमाजींनी गोळा खुंटीला अडकवला आणि भुऱ्याला घेऊन आत गेले.

संध्याकाळी सुमतीनं शिऱ्याची वाटी देऊन मला पाठवलं. डोमाजी बाकड्यावर बसले होते, भुऱ्या पायाशी. स्टोव्ह बंद होता. त्या घरात मी स्टोव्ह बंद कधी पाहिला नव्हता.

"केव्हापासून दिसत नाही याला?" मी विचारलं.

"लय दिवस झाले, बाबूजी. पोळ्याच्या आधीपासून." ते भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "कोनाले चावाची ताकद नाही राहिली त्याच्यात. मले ठाऊक होतं. म्याच नाही सांगतलं कोनाले."

"का?"

"आता तुम्ही आपापल्या फाटकातून परस्पर जासान. दुरून हात दाखवसान. बरोबरच हाये, कामाची मानसं तुम्ही." त्यांनी भुऱ्याचा अर्धवट कान चोळला. "पन गोळा नाही तं माह्या घरी कोन येईन? इथं कोन बसन?"

मला एकदम वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. मी शिऱ्याची वाटी ठेवली आणि घरी आलो. सुमतीला सगळं सांगितलं. ती पदरानं डोळे पुसून कणीक मळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघालो, तर तिनं दारामागची चिवड्याची साखळी काढून माझ्या हातात दिली.

"जा, गोळा घेऊन या."

"बस चुकेल."

"चुकू द्या नं एक दिवस."

मी गेलो. बाकड्यावर करतारसिंग आधीच बसलेले होते, मांडीवर बशी, मिशीला चहा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाइन में लगो जी. मेरा नंबर पहले है." डोमाजी आत स्टोव्हला पंप मारत होते. आवाज ऐकून बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या साखळीकडे पाहिलं. गोळा खुंटीवर लटकत होता, भुऱ्या दारात घोरत होता, आणि समोरची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी पडली होती.

त्यांनी ती नीट निरखून पाहिली. नाक ओढलं. मग मान हलवली.

"लाइन क्लिअर नाही, बाबूजी," डोमाजी म्हणाले. "बसा नं जी."

मी बसलो.