कासवाची चकाकती पाठ

एका जंगलात, मुलांनो, एक प्रयोगशाळा होती आणि तिचा प्रमुख म्हणजे एक अस्वल. हसू नका. ते अस्वल म्हणजे मीच.

हत्तीभर पाण्यात मुंगीच्या मिशीएवढी घाण असली तरी मी शोधून काढायचो. पाणी द्रावकात घुसळायचं, म्हणजे घाण द्रावकात उतरते. मग ते द्रावक यंत्रात घालायचं. द्रावक शुद्ध राहावं म्हणून बरणीचं झाकण मी स्वतः मेणाने बंद केलं होतं. मेण घरचंच. अस्वलाच्या घरी मेणाला काय तोटा?

एकदा तळ्याचं पाणी तपासलं. मेण निघालं.

तळ्यात कासवआजोबा एकटेच राहायचे. पाठ अशी चकाकायची की बघत राहावं. मी लगेच ताडलं, म्हातारा पाठीला मेण लावतो.

"अरे बाळा, पाठ जन्माचीच अशी आहे," आजोबा म्हणाले. "पाणी न घालता नुसतं द्रावक तपासलंस का?"

"आजोबा, काही घातलंच नाही, तर निघणार काय?"

एवढं साधं कळू नये, म्हणून मला त्यांची कीव आली. मी अहवाल दिला. सिंहमहाराजांनी हुकूम काढला, कासवाने डोंगरापलीकडे जावं. डोंगरापलीकडे पाण्याचा थेंब नव्हता.

मग मी सहज महाराजांच्या माठातलं पाणी तपासलं. त्यातही मेण. आता आली का पंचाईत? महाराजही पाठीला काही लावतात, असं लिहायची माझी छाती नव्हती. मी सगळी भांडी सात वेळा धुतली, त्याच द्रावकाने. मेण वाढलं.

शेवटी वैतागून नुसतं द्रावक यंत्रात घातलं. मेणच मेण. बरणीचं झाकण पाहिलं, तर कडेचं मेण विरघळून आत उतरलेलं. उरलेल्या मेणावर माझ्याच पंजाचा ठसा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हुकूम निघून आठ दिवस झाले होते. आजोबा तहानेने गेले असतील, या भीतीने मी धावत सुटलो.

आजोबा तळ्यापासून बारा पावलांवर पेंगत होते.

"अजून इथंच?" मी रडत विचारलं.

"निघालोय की," ते म्हणाले. "पण तुला लहानपणापासून ओळखतो ना, म्हणून जरा सावकाश चाललो होतो."

तात्पर्य : तज्ज्ञांनी हद्दपार केलं तर वाद घालू नये. मुकाट्याने निघावं, पण कासवाच्या चालीने.