मयताने मोजलेली भरती

हतिबूबाबांचा लॅपटॉप सोमवारी सकाळी बंदर कचेरीत आला, तो बायका अंगावर घेतात तशा फुलाफुलांच्या कांग्यात गुंडाळून, वर पक्की गाठ मारून. त्याला उदाचा वास येत होता. शेकुवेसाहेबांनी तो हातात घेतला नाही. टेबलाकडे नुसतं बोट केलं.

"सौमू, तूच उघड. माझे हात ओले आहेत."

हात चांगले ठणठणीत कोरडे होते. पण मिकोकोनी बंदराच्या मुख्याधिकाऱ्याला तसं तोंडावर कोण सांगणार? सौमू तर कचेरीत तात्पुरती कारकून. तिने मुकाट्याने गाठ सोडली.

हतिबूबाबा मे महिन्याच्या नऊ तारखेला पहाटे, फजरच्या बांगेआधी गेले. बंदराच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात तिथे मोजपट्टीचा एक खांब रोवलेला आहे. त्या खांबावर पाणी कुठवर चढलंय, हे बघून लिहायचं काम बाबांनी बावीस वर्षं केलं. रोज दोनदा, सातला आणि एकला. सगळ्या नोंदी त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर. कचेरीत महिन्याला नुसता आलेख यायचा, आणि तो भिंतीवर टाचून साहेब आपण फार काम केल्यासारखे चहा प्यायचे.

बाबांच्या मागे रझिकीबी इद्दतीला बसल्या. चार महिने दहा दिवस विधवेच्या दारात परका पुरुष जात नाही, म्हणून लॅपटॉप आणायला कुणी गेलं नाही. दार-ए-सलामच्या मोठ्या कचेरीला मात्र इद्दत-बिद्दत माहीत नाही. तिथून पत्र आलं: गुरुवारपर्यंत बावीस वर्षांच्या सगळ्या नोंदी पाठवा. नवा मोजणीदार येत आहे, तरी पायऱ्यांलगतचं सरकारी घर महिनाअखेर रिकामं करून द्या. शेवटी निरोप गेल्यावर रझिकीबींनीच लॅपटॉप बांधून पाठवून दिला.

त्या घरात रझिकीबी राहत होत्या. मूलबाळ नाही. घर सुटलं की मुहेझा गावी नणंदेकडे, आतल्या मुलखात, जिथे समुद्राचा आवाजसुद्धा पोचत नाही. शाळेतून येता-जाता सौमू त्यांच्याच हातचं नारळाचं कालवण खाऊन वाढली. घर सोडण्याची नोटीस तिलाच टाइप करायची होती आणि चार दिवस तिच्या हातून ती होत नव्हती.

लॅपटॉप सुरू झाला. नोंदींची फाइल मात्र पासवर्ड मागू लागली.

"बाबांना आवडायचं काय?" साहेबांनी लांबूनच विचारलं.

"कॉफी."

"टाक."

नाही उघडली. बाबांचं नाव, बंदराचं नाव, रझिकीबींचं नाव, सगळं टाकून झालं. शेवटी सौमूला त्याच यंत्रात बाबांच्या अहवालाची दुसरी फाइल सापडली. तिला कुलूप नव्हतं. आत आकडा एकही नाही, नुसता आलेख: निळी रेघ सातची, तांबडी एकची.

"साहेब, आलेख आकडे पोटात ठेवतो," ती म्हणाली. "मी मॅक्रो लिहिते. मॅक्रो म्हणजे यंत्राला दिलेली कामाची चिठ्ठी. प्रत्येक रेघेवर जा, एकेका ठिपक्याला त्याचा आकडा विचार आणि शेजारच्या कोऱ्या पानावर मांड."

"म्हणजे मेलेल्या माणसाच्या पोटातलं काढणार?"

"आलेखाच्या, साहेब."

"तेच ते," म्हणत साहेबांनी खुर्ची आणखी मागे घेतली.

मॅक्रो चालला. कोऱ्या पानावर आकडे भराभर पडू लागले, वरून कुणी शेंगा ओताव्यात तसे. पहिल्या रांगेत नुसते पाच-पाच आकडी नंबर होते. ४५०५४, ४५०५५, ४५०५६.

"हे काय गं? कबरींचे नंबर?"

"तारखा आहेत. यंत्र दिवस असेच मोजतं." सौमूने एक कळ दाबली आणि नंबरांच्या तारखा झाल्या. मग ती पानाच्या तळाशी गेली, आणि तिथेच थांबली.

शेवटची तारीख सतरा सप्टेंबर होती. म्हणजे काल.

बाहेर पाणी पायऱ्यांवर चपचप करत होतं.

"सौमू, बाबा कधी गेले?"

"नऊ मे."

"आपण दफनाला होतो ना?"

"तुम्ही तर जनाज्याला खांदा दिलात, साहेब."

"मग काल पाणी कुणी मोजलं?"

सौमूने मोजून पाहिलं. बाबा गेल्यावरचे एकशे एकतीस दिवस, रोज दोनदा, एकही खाडा नाही. जिवंतपणी बाबा ईदला तरी सुट्टी घ्यायचे.

नेमका तेव्हाच नाखवा मकामे गलबताच्या कागदांवर शिक्का मारून घ्यायला आत आला. मकामेच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला काही दाखवायचं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण साहेबांना सोबत हवी होती.

"पायऱ्यांवरून कुणी खांबाकडे उतरतं का रे, मकामे?"

"कोण उतरणार? शेवाळ माजलंय. वरच्या पायरीवर कॉफीवाला बसतो, त्याला विचारा. बाबा गेल्यापासून पाऊल पडलं नाही तिथे." बोलता बोलता त्याने पडद्यावर डोकं घातलं. "हे खोटं आहे. सात जून, एकला तीन मीटर वीस? हॅट! सात जूनला दुपारी माझं गलबत इथेच वाळूवर कलंडलं होतं. शेळी चालत आली गलबतापाशी. माझी लुंगी खाऊन गेली!"

साहेबांनी बंदराचं रजिस्टर काढलं. गलबतं कधी आत आली, कधी चिखलात बसली, सगळं त्यात असतं. तिघांनी ताडून पाहिलं. नऊ मेपर्यंत बाबांचा प्रत्येक आकडा चोख. दहा मेपासून सगळं उलटं. समुद्र आत असेल तेव्हा आलेखात ओहोटी, चिखल उघडा पडेल तेव्हा भरती.

मकामेने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आकडे खोटे नाहीत, साहेब. हा त्यांच्या बाजूचा समुद्र आहे. इथलं पाणी ओसरतं ते जातं कुठे, असं कधी वाटलं नाही तुम्हाला? ते तिकडे चढतं."

सौमूला हसावंसं वाटत होतं, पण हसू फुटेना.

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये," साहेब म्हणाले. मिकोकोनीत असं सांगणं म्हणजे ढोल घेऊन दवंडी पिटणं. दुपारपर्यंत कॉफीवाल्याकडे बसायला जागा उरली नाही. मंगळवारी एकही होडी पाण्यात गेली नाही, कारण भरती नक्की कोणत्या बाजूची, याची कुणालाच खात्री नव्हती. बाबांची छत्री उधार नेलेला एक जण ती गुपचूप कबरीपाशी ठेवून आला.

त्याच दुपारी नवा मोजणीदार पत्र्याची पेटी घेऊन बसमधून उतरला. उंच, धडधाकट माणूस. कॉफी मागवून त्याने विचारलं, "पायऱ्यांपाशी घर आहे ना, ते कुठलं हो?" कॉफीवाल्याने दाखवलं, आणि कप भरेपर्यंत बाकीचंही सांगितलं. बस वळून निघाली तेव्हा तो तीत होता. पेटी इथेच राहिली. वरून आणखी दोघांना विचारलं म्हणतात. एकाची आई आजारी पडली, दुसरा स्वतःच पडला.

बुधवारी साहेबांनी सौमूला बोलावलं. डोळे झोप न झाल्यासारखे लाल झाले होते.

"तू बाईमाणूस आहेस. रझिकीबींकडे जा. नीट विचार, बाबांचं काही राहिलंय का. काही मागतायत का."

"आणि घराची नोटीस?"

"ती आत्ता नको! त्यांना काय वाटेल?"

"रझिकीबींना?"

"बाबांना गं!"

रझिकीबी खिडकीत बसून तांदूळ निवडत होत्या. सौमूने चाचरत सगळं सांगितलं. त्या आधी ऐकत राहिल्या, मग इतक्या हसल्या की सूप कलंडलं.

"मग मोजणार कोण? मीच! अगं, बावीस वर्षं मीच मोजतेय. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. खांब सोड, त्यांना माशातला काटा दिसायचा नाही. मी या खिडकीतून बघून ओरडायची आणि ते ओट्यावर कॉफी पीत लिहायचे."

"पण इद्दतीत?"

"इद्दतीत उंबरा ओलांडायचा नाही. खिडकीतून बघायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

"आणि पासवर्ड?"

"माझं नाव, पुढे एक. मी एकच आहे म्हणायचे."

सौमूला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "बी, पण सगळं उलटं का लिहिलंत?"

"उलटं? मी? सकाळचं पाणी एकच्या घरात, दुपारचं सातच्या घरात. काय चुकलं?"

सौमूने कपाळावर हात मारून घेतला. इकडचे लोक बोलताना सूर्याचं घड्याळ पाळतात. सूर्य उगवून तास झाला की एक वाजला, दुपार कलू लागली की सात. कचेरीत शिरलं की घड्याळ सरकारी होतं, आणि तीच सकाळ सातची, तीच दुपार एकची होते. बाबा कानाने घरचं ऐकायचे आणि हाताने सरकारी लिहायचे. रझिकीबींना हे सांगायला आता कोण उरलं होतं? मधला फरक सहा तासांचा, आणि समुद्राला भरतीची ओहोटी करायला तेवढेच तास लागतात.

"शिकलेली म्हणे माणसं!" रझिकीबी तांदूळ गोळा करत म्हणाल्या. "तिघं मिळून एक घड्याळ वाचता आलं नाही."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मोजणी थांबली की घर गेलं, एवढं मला कळतं. आणि पोरी, सकाळी उठून मी ओरडणार तरी कुणासाठी? ते यंत्र उघडलं की वाटायचं, ते ऐकतायत. एवढंच." त्यांनी कांग्याच्या टोकाने डोळे पुसले आणि पुसल्याचं लपवलंही नाही.

सौमू उठली. दारात जाऊन काहीतरी आठवलं म्हणून वळली.

"कमाल आहे हं तुमची. दफनाच्या दिवशीसुद्धा मोजलंत. आणि त्या एका दिवसाचे आकडे मात्र बरोबर घरात पडलेत."

रझिकीबींचा हात सुपातच थांबला.

"कुठल्या दिवशी?"

"नऊ मे. सातला तीन मीटर तीस, एकला सत्तर सेंटीमीटर."

"त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते. दफनाला नेलं तेव्हा बायकांनी मला धरून ठेवलं होतं. यंत्र कपाटात होतं आणि किल्ली माझ्या कमरेला." त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. "मला वाटलं होतं, तो दिवस कोराच राहिला."

खिडकीबाहेर पाणी चढत होतं. दोघींनीही खांबाकडे बघायचं टाळलं.

सौमूने दहा मेपासूनचे सातचे आणि एकचे आकडे अदलाबदल करून आपापल्या जागी टाकले. नऊ मेला हात लावला नाही. गुरुवारी नोंदी रवाना झाल्या. खरं सांगितलं असतं तर मोठ्या कचेरीने 'अनधिकृत व्यक्तीने केलेली मोजणी' असा शेरा मारून रझिकीबींना दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं असतं. म्हणून साहेबांना तिने एकच वाक्य सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "रझिकीबी म्हणाल्या, त्या घरात आहेत तोवर मोजणी चुकणार नाही."

इद्दत आता संपली होती, म्हणून संध्याकाळी साहेब आणि मकामे रझिकीबींच्या ओट्यावर टोप्या हातात घेऊन उभे राहिले. सौमू मागे उभी होती.

"बी," साहेब घसा खाकरून म्हणाले, "या जागेवर यायला कुणी धजत नाही. तेव्हा मोजणीदार तुम्हीच व्हा. मी वरून लेखी मंजुरी आणलीय. नोकरी तुमच्या नावावर, घरही तुमच्याकडेच. तुमचं त्यांच्याशी जमतंही."

रझिकीबींनी सौमूकडे पाहून जरासा डोळा मिचकावला. मग गंभीर तोंड करून म्हणाल्या, "मी एकटीने कसं ठरवू? आत विचारून येते."

त्या आत गेल्या. त्यांचं हळू बोलणं ओट्यावर ऐकू येत होतं. एक वाक्य, मग गप्प. पुन्हा एक वाक्य, पुन्हा गप्प. मकामे ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत पुटपुटत होता. सौमू हसू दाबून उभी होती. साहेबांचा चेहरा बघून तिला त्यांची दयाही आली.

रझिकीबी बाहेर आल्या. "हो म्हणतात. पण दाराला रंग लावून द्या म्हणतात."

"देतो, देतो! उद्याच!" साहेबांनी घाईघाईने वही काढली. "कुठला रंग?"

"हिरवा."

साहेब लिहू लागले तशी सौमू पुढे झाली आणि रझिकीबींच्या कानाशी वाकून म्हणाली, "बी, पुरे झालं हं. साहेब रडतील आता."

रझिकीबींच्या चेहऱ्यावर हसण्याचं नाव नव्हतं. त्यांनी सौमूचं मनगट धरलं. बोटं गार पडली होती.

"रंगाचं मी नाही गं काढलं," त्या कुजबुजल्या. "मला तर दार आहे तसंच आवडतं."